रविवारची पोशीर फेरी

दिवाळी संपल्यानंतरचा रविवार होता. नात गाडीत बसता बसता म्हणाली, "आजोबा, आपण कुठे चाललोय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

तिचा एक पाय आत, एक बाहेर. दहा वर्षांची आहे, वेळापत्रकात वाढलेली. "मग निघालोय कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. गेली चौतीस वर्षं आमच्या घरातून रविवारी सकाळी एक गाडी निघते. डोंबिवलीहून बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळला येते. तिथे डावीकडे वळून दहिवलीच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडते आणि पोशीरवरून कळंबला पोहोचते. मग कशेळे, कडाव करत कर्जत, आणि कर्जतहून पुन्हा नेरळवरून घर. उशिरात उशीर म्हणजे दुपारच्या चहाला आम्ही घरी असतो. वाटेत आम्ही काही 'पाहत' नाही म्हटलं तरी चालेल. किल्ला चढत नाही, धबधब्याखाली भिजत नाही, रिसॉर्टची पाटी दिसली म्हणून आत वळत नाही. तरीही आज हिशेब मांडायला बसलो की वाटतं, आमचं घर ज्या थोड्या गोष्टींमुळे घर राहिलं, त्यांत या बिनकामाच्या फेरीचा वाटा मोठा आहे. नातीला हे चटकन सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

मी सदतीस वर्षं बँकेत नोकरी केली. रविवारची किंमत बँकवाल्याला जरा जास्तच कळते. आमच्या धंद्याचं जे जुनं शास्त्र, १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, त्याच्या पंचविसाव्या कलमातच सार्वजनिक सुट्टीच्या व्याख्येत रविवार लिहून ठेवलेला आहे. शनिवार मात्र अर्धाच मिळायचा, आणि तो अर्धा शनिवारही खतावण्या जुळेपर्यंत संध्याकाळ होऊन जायचा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची पूर्ण सुट्टी बँकांना मिळाली ती १ सप्टेंबर २०१५ पासून, म्हणजे मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आल्यावर. तोवर घरच्यांच्या वाट्याला माझा आठवड्यातला एकच दिवस यायचा.

आणि हा एक दिवसही आपल्याला कोणी आपसूक दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या सत्यशोधक कार्यकर्त्याने गिरणी कामगारांना एकत्र केलं, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. त्यामागे त्याचा हिशेब असा की, माणसाला मोकळा वेळ मिळाला तरच तो गाडी घेऊन कुठे जाईल. लोखंडे यांनी सुट्टी मागितली ती माणसासाठी, फोर्डने दिली त्यात गाडीचाही विचार होता. आपल्या रविवारमध्ये या दोघांचंही थोडं थोडं आहे. कोणाचं किती ठेवायचं, एवढंच आपल्या हातात.

बँकेत काही वर्षं वाहनकर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. अर्जावर कर्जाच्या कारणाचा रकाना असे आणि त्यात सगळे जण 'वैयक्तिक वापर' असं लिहीत. पण खुर्चीत बसलेला माणूस तेवढ्यावर थांबत नसे. एक शाळामास्तर म्हणाले होते, "साहेब, आईला एकदा पंढरपूरला न्यायचंय. तिला एसटी सोसत नाही." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "रविवारी मुलांना जरा..." आणि पुढचं वाक्य हातानेच पुरं केलं. हप्ते सुरू झाले, वर्ष-दोन वर्षं गेली की हीच मंडळी काउंटरवर भेटत. "काय, फिरता की नाही गाडीतून?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. "वेळ कुठे मिळतो!" गाडीचे हप्ते न चुकता भरणारी माणसं ती. ज्या रविवारसाठी गाडी घेतली, त्या रविवारचा हप्ता मात्र थकलेला.

मी गाडी घेतली १९९१ साली. दुसऱ्या हातची प्रीमियर पद्मिनी, पण तिला सगळे फियाटच म्हणत. आमच्या गाडीला पुढे सलग बाक होता आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या नळीवर. त्यामुळे पुढे तिघं बसायची. मी, मध्ये धाकटा मुलगा, खिडकीशी माझी आई. मागे पत्नी आणि मुलगी. सीटबेल्ट वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि लहान मुलाला पुढे बसवू नये हेही. आज मुलगा मला तसं करू देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पण ती बैठक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आणि एकाच काचेतून सगळे तेच पाहताहेत.

घरात आपण एकमेकांसमोर बसतो, आणि समोरासमोर बसलं की एक तर गप्पा होतात नाही तर सुनावणी. बाप खुर्चीत, मुलगा उभा, हातात प्रगतिपुस्तक, अशी मांडणी झाली की काय बोलणं होणार ते आधीच ठरलेलं असतं. गाडीत ते जमत नाही. चालवणाऱ्याला रस्त्यावरून नजर काढता येत नाही, त्यामुळे डोळे वटारायची सोय नाही. रागावून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. मध्येच गप्प झालं तरी कोणी 'काय झालं?' म्हणून विचारत नाही, कारण बाहेर पाहायला काहीतरी असतंच. बोलणं तुटतं, पुढच्या वळणावर पुन्हा जुळतं. घरात आठवडाभर न निघालेला विषय गाडीत कसा कोण जाणे, पण निघतो.

माझी आई घरात अबोल होती. गाडीत बसली की बोलायची. पोशीरच्या रस्त्याला लागलं की मागे माथेरानचा डोंगर राहतो आणि पुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते. सिद्धगड, भीमाशंकरचा कडा, पेठच्या किल्ल्याचा सुळका. आईची नजर सिद्धगडाकडे लागायची. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तेव्हा ती दहा वर्षांची होती, कल्याणात. कोतवाल माथेरानचे वकील, हिराजी कर्जत तालुक्यातल्याच मानिवलीचे. त्यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडायचा. "आमच्या वाड्यात त्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही," एवढंच ती सांगायची, पण दर वेळी सांगायची. मुलं कंटाळून म्हणत, "आजी, मागच्या रविवारी सांगितलंस." आज माझ्या मुलीला अमेरिकेत जाऊन पंधरा वर्षं होत आली, आणि ती २ जानेवारीला न चुकता फोन करते. शाळेच्या पुस्तकातली किती तरी सनावळी ती विसरली असेल. ही विसरली नाही.

आता १९९३ च्या एप्रिलमधली गोष्ट. पोशीर मागे टाकलं आणि फियाटने वाफ सोडली. बॉनेट उघडलं तर रेडिएटर उकळतोय. डोक्यावर ऊन, मुलं रडकुंडीला आलेली. रस्त्यापासून जरा आत एक वाडी होती. ओट्यावरून एक बाई उठून आल्या. "पोरांना उन्हात नका उभी करू. या, सावलीत बसा." त्यांनी मुलांना पाणी दिलं, आईला पाट दिला. मी दोन हंडे पाणी मागितलं, त्यांनी ते दिलं. इंजीन निवल्यावर मी ते रेडिएटरमध्ये ओतलं. निम्मं आत गेलं, निम्मं रस्त्यावर सांडलं. आभार मानले, पैसे पुढे केले, त्यांनी ते घेतले नाहीत. आम्ही निघालो.

कळंब येईपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू ते पाणी सांडलंस ना, ते तिच्या सुनेने नदीच्या पात्रात डवरा खणून वाटी-वाटीने भरून आणलेलं होतं. विहिरीने तळ गाठलाय त्यांच्या. मी विचारलं." गाडीत सगळे गप्प. डोंबिवलीच्या चाळीत नळासाठी रांगेत उभी राहिलेली माझी आई, तिला हंड्याचं वजन बघूनच कळलं असणार. मी बँकेतला अधिकारी, व्याजाचा पैसान् पैसा मोजणारा, मला ते कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आईने शेंगदाण्याचे लाडू केले. "त्या बाईंचं पाणी फेडायचंय," म्हणाली. लाडू दिले तर त्यांनी परत येताना पदरातून वाल दिले. त्याची फेड करायला आम्ही पुन्हा गेलो. असं ते देणं-घेणं आजतागायत फिटलेलं नाही, आणि फिटू नये अशीच दोन्ही बाजूंची इच्छा असावी. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. कुठेच न जाणाऱ्या आमच्या फेरीला दहा मिनिटांचा एक थांबा मिळाला.

त्या थांब्यावर माझ्या मुलांनी काय काय पाहिलं, त्याची यादी करत नाही. पण भात हे आधी राब भाजून, मग पेरून, मग उपटून, मग चिखलात पुन्हा लावायचं असतं, हे त्यांनी ओट्यावरून पाहिलं. पहिल्या पावसाबरोबर येणारी शेवळं किती थोडे दिवस मिळतात आणि ती नीट शिजवली नाहीत तर घसा कसा खाजतो, हे त्यांनी खाऊन पाहिलं. थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून मडकं उपडं टाकतात आणि पोपटी लावतात, तिचा वास मुलीच्या एका स्वेटरला लागला होता. तो स्वेटर तिने बरेच दिवस धुऊ दिला नाही. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांतून धान्यबँका चालवल्या होत्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की बँकेतून उसनं न्यायचं आणि सुगीला थोडं जास्त भरून परत करायचं. हे मुलाला समजलं तेव्हा त्याने मला विचारलं, "बाबा, तुमची बँक पण अशीच असते का?" मी 'हो' म्हटलं. जरा अडखळत म्हटलं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, तुमच्या पत्नीचं काय? बरोबर आहे. मराठी घरातली 'सहल' म्हणजे बाईने पहाटे चारला उठून पोळ्या लाटायच्या, बटाट्याची भाजी, दहीभात, लोणचं भरायचं, दिवसभर डबे उघडायचे आणि घरी येऊन ते घासायचे. आमच्याकडे पहिल्या दोन-तीन रविवारी हेच झालं. चौथ्या रविवारी सौभाग्यवतींनी जाहीर केलं, "डबा भरायचा असेल तर ती सुट्टी तुमची, माझी नाही." तेव्हापासून डबा बंद. नेरळला वडापाव, नाही तर कर्जतला. घरी परतल्यावर पिठलं-भात, तोही मी आणि मुलांनी करायचा. पिठल्यात गुठळ्या व्हायच्या. त्या निमूट खाल्ल्या जायच्या. माझं स्पष्ट मत आहे की ज्या घरात बाईला रविवार नाही, त्या घराला रविवार नाही. गाडी कितीही भारी असो.

आणि ही फेरी टिकवली ती खरं तर तिनेच. १९९६ साली माझी बदली विदर्भात झाली. तीन वर्षं मी एकटा तिकडे. घरी येणं दोन-तीन महिन्यांतून एकदा. मला वाटलं, फियाट आता झाकून ठेवावी लागणार. दिवाळीला आलो तर अंगणात गाडी नाही. शेजारी म्हणाले, "वहिनी मुलांना घेऊन गेल्यात ना, रविवार नाही का आज!" पस्तिसाव्या वर्षी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकली होती, परवाना काढला होता, आणि मला पत्रात एक अक्षर लिहिलं नव्हतं. तो जड गिअर टाकताना तिचा खांदा दुखायचा, हे मला नंतर मुलीने सांगितलं. त्या तीन वर्षांत फेरी चुकली ती माझी. घराची एकही चुकली नाही.

या फेरीने मला काय दिलं, ते २००९ मध्ये कळलं. मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. घरात कसला तरी तणाव होता, पण काय ते कोणी बोलत नव्हतं. पावसाळी रविवार, दहिवलीच्या पुलावरून पाणी नुकतंच ओसरलेलं. अशा दिवसांत पुलावर पाणी असलं की आम्ही मुकाट्याने मागे फिरतो. त्या दिवशी वाट मोकळी होती. कळंबच्या पुढे, दोन्ही बाजूंना लावणी चाललेली, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, मला इंजिनीअरिंग सोडायचंय. दोन पेपर मी दिलेच नाहीत."

माझे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. घरी असतो तर काय बोललो असतो, ते मला नेमकं ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी मला तेच ऐकवलं असतं. पण समोरून ट्रॅक्टर येत होता, रस्ता अरुंद होता, गाडी बाजूला घ्यावी लागली. ट्रॅक्टर गेला. मग म्हैस आडवी आली. तीही गेली. तोवर तोंडाशी आलेलं वाक्य मागे गेलं होतं, आणि मी विचारलं, "मग काय करायचंय?" कशेळे ते कर्जत तो बोलत होता. आज तो शाळेत गणित शिकवतो आणि मुलं त्याच्यावर जीव टाकतात. त्या दिवशी ट्रॅक्टर आडवा आला नसता तर काय झालं असतं, हा विचार मी फारसा करत नाही.

म्हणून मला वाटतं, महिन्यातून एकदा खर्चिक सहल काढण्यापेक्षा दर रविवारी दोन-तीन तासांची फेरी बरी. आमच्या भाषेत सांगायचं तर ही आवर्ती ठेव आहे. रक्कम लहान, पण खंड पडू द्यायचा नाही. मुलाला बोलायचं असेल ते तो कुठल्या रविवारी बोलेल हे आधी कळत नाही. ज्या रविवारी तो बोलतो, त्याच्या आधीचे पन्नास रविवार तुम्ही त्याच्या शेजारी नुसते बसलेले असावे लागता. आणि त्याला चारचाकीच हवी असं अजिबात नाही. स्कूटर चालेल, एसटीचा पुढचा बाक चालेल, लोकलची खिडकी चालेल. गाडीपेक्षा एकाच दिशेला तोंड करून बसणं महत्त्वाचं.

आता दुसरी बाजू. आज कर्जतचा रविवार पाहिला की मन खट्टू होतं. कल्याण-कर्जत रस्त्यावर गाड्यांची रांग. प्रत्येकाला कुठे तरी पोहोचायचंय आणि ते ठिकाण फोनवर दाखवलेलं आहे. पुढचे दोघे रस्त्यावरून वैतागलेले, मागचे दोघे कानांत बोंडं घालून. चार माणसं एका गाडीत चार ठिकाणी. पोहोचल्यावर जो जल्लोष सुरू होतो, त्यात पावसाळ्यात दर वर्षी काही कोवळे जीव धबधब्यांत आणि धरणांत जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तीही रविवारीच. आमच्या तालुक्यातल्या धबधब्यांवर, सोलनपाड्यासारख्या पाझर तलावांवर प्रशासनाला बंदीचे हुकूम काढावे लागतात. लोक बंदीवर चिडतात. मला त्या गावच्या माणसाची कीव येते. त्याच्या ओढ्यात आपली बाटली, त्याच्या शेताच्या बांधावर आपलं प्लॅस्टिक, आणि रात्री मृतदेह शोधायला पाण्यात उतरणाराही तोच.

माझी मुलगी न्यू जर्सीहून सांगते की तिकडेही 'संडे ड्राइव्ह' ही आता आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट मानतात. एके काळी ती त्यांची इतकी अंगवळणी पडलेली रीत होती की महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, पेट्रोल वाचवण्यासाठी पूर्वेकडच्या राज्यांत निव्वळ मौजेसाठी गाडी काढायलाच सरकारने मनाई केली होती. इकडे सिद्धगडावर गोळ्या झाडल्या गेल्या तोच हा महिना. एकाच युद्धाच्या दोन टोकांना काय काय चाललं होतं! तर मुलगीही तिच्या मुलांना घेऊन रविवारी पेनसिल्व्हेनियाच्या शेतांतून फिरून येते. "बाबा, इथे सगळं आहे, फक्त मावशी नाहीत," असं ती म्हणते.

पेट्रोल जाळून फिरण्याचं समर्थन कसं करता, असं मला एका तरुण वाचकाने विचारलं होतं. आक्षेप खरा आहे. मी त्याचं पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. एवढंच सांगतो की आम्ही आता महिन्यातून एकदा गाडी घरी ठेवतो आणि नेरळपर्यंत लोकलने जातो. तिथून पुढे मिनीडोर. माथेरानला तर मोटारींना आजही मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे पाय, घोडा नाही तर ती छोटी रेल्वे. गाडी बाहेर थांबली म्हणून तिथे कुटुंबं एकमेकांशी कमी बोलतात असं काही मी पाहिलेलं नाही.

आई २००६ साली गेली. दहाव्याच्या दिवशी दारात मावशी उभ्या. मुलाने मिनीडोरने नेरळला सोडलं होतं आणि तिथून त्या आयुष्यात पहिल्यांदा एकट्या लोकलने डोंबिवलीला आल्या होत्या. पिशवीत नवे तांदूळ. "आईंना आमचा भात आवडायचा," म्हणाल्या. माझे सख्खे नातेवाईक त्या दिवशी घड्याळ पाहत होते.

पद्मिनी केव्हाच गेली. तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा मी मुलाला फोटो दाखवला. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि मी किल्ली त्याच्या हातात दिली. आता मी आईच्या जागेवर बसतो, खिडकीशी. तिथून वेगळं दिसतं. चालवणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो, हे चालवायचं सोडल्यावर कळलं.

तर दिवाळीनंतरच्या त्या रविवारी आम्ही मावशींच्या ओट्यावर बसलो होतो. समोर झोडणी चाललेली. मावशी आता थकल्या आहेत, ऐकू कमी येतं. त्यांचा मुलगा बोलत होता. पोशीर नदीवर मोठं धरण बांधायच्या प्रकल्पाला राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली आहे. पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांसाठी. धरण म्हटलं की कोणाची तरी शेतं, घरं, पायवाटा पाण्याखाली जाणार. तो हसत म्हणाला, "काका, त्या वेळी तुम्ही दोन हंडे घेतलेत. आता अख्खी नदी घ्या."

तो थट्टेने बोलला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहराला पाणी लागतं हे खोटं नाही, मी शहरातच राहतो. पण ते पाणी देणारा कोण आहे हे माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे, एवढं मला कळतं. धरणग्रस्त हा शब्द वर्तमानपत्रात वाचणं वेगळं, आणि ज्याच्या ओट्यावर आपण तेहेतीस वर्षं बसलो त्याने 'नदी घ्या' म्हणणं वेगळं. मोबदला नीट मिळतो की नाही, पुनर्वसन आधी होतं की पाणी आधी चढतं, हे विचारायला निदान शहरातल्या काही माणसांना आता एक चेहरा आठवेल. आमच्या घरात तरी चारांना आठवेल. रविवारच्या फेरीने हे केलं, आणि हे कुठल्याही रिसॉर्टच्या तलावाकाठी बसून झालं नसतं.

परतीच्या वाटेवर नात बराच वेळ गप्प होती. दहिवलीच्या पुलावर आल्यावर तिने विचारलं, "आजोबा, पोशीर नदी पुढे कुठे जाते?"

"या उल्हास नदीला मिळते."

"आणि उल्हास?"

"बदलापूर, कल्याण. तिथून उचललेलं पाणी आपल्या डोंबिवलीच्या नळाला येतं."

तिने मान वळवून मागे पाहिलं. "म्हणजे आपण आधीपासूनच त्यांचं पाणी पितोय?"

पुढे बसलेल्या आम्हा बाप-लेकांपैकी कोणीच लगेच बोललं नाही. बोलायची घाईही नव्हती. नेरळ यायचं होतं, शेलू यायचं होतं, वांगणी यायची होती. शेलूच्या फाटकाशी मुलाने मला विचारलं, "बाबा, पुढच्या रविवारी लाडू कोण करणार?"

नात म्हणाली, "मी करते. पण मला शिकवायला हवं कोणी तरी."